साडेदहा महिने बंद पडलेलं आर्च लिनक्स ताजं करताना

पॅकमॅन म्हणजे आर्च लिनक्समध्ये प्रोग्रॅमची पॅकेजं बसवणारं साधन. त्याच्या लॉगमध्ये पूर्ण अपडेटची शेवटची नोंद १८ ऑगस्ट २०२४ ची होती. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो शुक्रवार, ४ जुलै २०२५ ला संध्याकाळी. मधले साडेदहा महिने तो कपाटात होता. त्यावर आर्च लिनक्स, केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) सेशनवर, ग्रब बूटलोडर (मशीन सुरू होताना लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल चढवणारा प्रोग्रॅम), ४० जीबीचं मुख्य पार्टिशन आणि बूटसाठी वेगळं ५१२ एमबीचं. पॅकेजं ११८६, त्यांतली २३ एयूआरमधून (वापरकर्त्यांनी स्वतः चढवलेल्या पॅकेज-कृतींच्या साठ्यातून) घेऊन इथेच बांधलेली.

आर्चला डेबियन किंवा उबंटूसारख्या आवृत्त्या नसतात. पॅकेजं रोज येत राहतात, आणि आपलं मशीन त्या ओघात कुठे आहे हे शेवटच्या अपडेटवरून ठरतं. एवढा खंड पडला की 'पुसून टाक आणि नव्याने बसव' हा सल्ला हमखास मिळतो. इथे तशी वेळ आली नाही. रविवारी दुपारी काम संपलं. डाउनलोड ३.९ जीबी, पेन ड्राइव्हचे ३८० रुपये आणि सात-आठ तास. त्यांतला बराच वेळ वाचण्यात गेला. असंच जुनं मशीन समोर घेऊन कुणी बसलं असेल तर पुढे काय दिसणार आहे हे आधी कळावं, म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने देत आहे.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या. पॅकमॅनमध्ये अक्षर मोठं की छोटं यावर अर्थ बदलतो, म्हणून पर्याय फोडून सांगितले आहेत. नेहमीचं पूर्ण अपडेट म्हणजे 'मोठा एस, छोटा वाय, छोटा यू'. एस म्हणजे रिपॉझिटरीशी (सर्व्हरवरच्या पॅकेजांच्या साठ्याशी) काम, वाय म्हणजे पॅकेजांची यादी ताजी करणं, यू म्हणजे त्या यादीप्रमाणे सगळी पॅकेजं वर नेणं.

शुक्रवारी संध्याकाळी अपडेटला हातच लावला नाही. आधी घड्याळ. लॅपटॉप इतके महिने पडून असला की आतली छोटी बॅटरी उतरते आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग एचटीटीपीएस प्रमाणपत्रं 'अजून वैध नाहीत' म्हणून नाकारली जातात, पॅकेजांवरच्या सह्याही भविष्यातल्या वाटतात. त्रुटीचे संदेश नेटवर्कबद्दल बोलतात, त्यामुळे घड्याळाकडे लक्षच जात नाही. 'टाइमडेटसीटीएल'ने तारीख पाहिली, 'सेट-एनटीपी ट्रू' दिलं आणि दोन मिनिटांत वेळ बरोबर झाली.

नंतर आर्चच्या मुखपृष्ठावरच्या बातम्या. शेवटच्या अपडेटच्या तारखेपासून आजपर्यंतच्या सगळ्या वाचायच्या, जुन्यापासून नव्याकडे. साडेदहा महिन्यांत त्या मोजक्याच असतात, अर्धा तास पुरतो. या मशीनला लागू पडणाऱ्या चार निघाल्या. सप्टेंबर २०२४: पॅकमॅन ७.० आला, त्यात डाउनलोडचं काम 'एएलपीएम' नावाच्या वेगळ्या, कमी अधिकारांच्या वापरकर्त्याकडे गेलं. फेब्रुवारी २०२५: 'कम्युनिटी' आणि इतर जुन्या रिपॉझिटरी १ मार्चनंतर सर्व्हरवरून पूर्ण काढणार. २० जून २०२५: प्लाझ्मा ६.४ मध्ये एक्स११ सेशन आपोआप येणार नाही. २१ जून २०२५: लिनक्स-फर्मवेअर (वाय-फायसारख्या चिपना लागणाऱ्या फाइलींच्या) पॅकेजचे तुकडे झाले, हाताने एक पायरी करावी लागेल. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) ज्यांच्याकडे आहे त्यांनी जूनचीच आणखी एक बातमी वाचावी, कारण जुने ३२-बिट प्रीफिक्स (वाइनची कामाची फोल्डरं) नव्याने करावे लागतात. प्रत्येक बातमीतली कमांड कागदावर उतरवून घेतली. अपडेटच्या मध्येच ब्राउझर उघडेल याची खात्री नसते.

रात्री तीन गोष्टी झाल्या. होम डिरेक्टरीची आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर प्रत. ईटीसी या सेटिंगांच्या डिरेक्टरीचा टार (एकत्र बांधलेली फाइल). आणि आपण स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजांची यादी: पॅकमॅनला 'मोठा क्यू, छोटा क्यू, छोटा ई' देऊन ती एका फाइलमध्ये. फाइल सिस्टम बीटीआरएफएस असेल तर स्नॅपर किंवा टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घ्या, पण एक ध्यानात असू द्या: बूट पार्टिशन फॅट स्वरूपाचं वेगळं असेल तर ते स्नॅपशॉटमध्ये येत नाही. मुख्य भाग मागे नेला आणि कर्नल मात्र नवाच राहिला, तर मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हर) जुळत नाहीत.

पेन ड्राइव्हवर आर्चची आयएसओ (मशीन सुरू करता येणारी डिस्क-प्रतिमा) टाकली. ती दर महिन्याच्या सुरुवातीला नवी निघते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, शा-२५६ बेरीज जुळवली, मग 'डीडी'ने लिहिली. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून खरंच सुरू होतो का, हे त्याच रात्री पाहिलं. हे आधीच करायचं. मशीन बंद पडल्यावर बायोसमध्ये सिक्युअर बूट कुठे बंद करतात हे शोधत बसणं फार वाईट.

शनिवार, ५ जुलै, सकाळी नऊ. यादी ताजी करताना पहिलाच अडथळा: कम्युनिटी रिपॉझिटरीची यादी मिळेना, ४०४. याचं मूळ मे २०२३ मध्ये आहे. तेव्हा कम्युनिटी रिपॉझिटरी 'एक्स्ट्रा'मध्ये विलीन झाली आणि नवी पॅकमॅन.कॉन्फ (पॅकमॅनच्या सेटिंगांची) फाइल शेवटी 'पॅकन्यू' लागून शेजारी आली होती. ती जुन्या फाइलमध्ये कधी मिसळलीच नव्हती. पुढे जवळजवळ दोन वर्षं रिकामी रिपॉझिटरी सर्व्हरवर असल्यामुळे काही अडलं नाही, मार्च २०२५ नंतर अडलं. कम्युनिटीच्या दोन ओळी काढल्या की झालं.

दुसरा अडथळा मिररचा, म्हणजे पॅकेजांची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा. मिररलिस्टमध्ये वर असलेला सर्व्हर आता उत्तरच देत नव्हता. रिफ्लेक्टर या मिरर निवडणाऱ्या साधनाला देश भारत, फक्त एचटीटीपीएस, गेल्या २४ तासांत ताजे झालेले, वेगाप्रमाणे क्रम, असं सांगून नवी यादी लिहून घेतली. वयाची अट महत्त्वाची आहे. वेगवान पण आठवडाभर मागे असलेला मिरर 'काही करायचं नाही' असं सांगतो आणि आपण निर्धास्त होतो.

तिसरा अडथळा बहुतेकांना घाबरवतो. पॅकेज उतरतं, पण 'सहीवरचा विश्वास अज्ञात', 'पॅकेज अवैध किंवा खराब' असे संदेश येतात, आणि फाइल पुसू का असं विचारलं जातं. फाइल खराब नसते. दरम्यान नवे पॅकेजर आले, काहींच्या किल्ल्या बदलल्या, आणि आपल्याकडचा किल्ल्यांचा जुडगा साडेदहा महिने जुना आहे. मशीन सुरू असतं तेव्हा एक साप्ताहिक टायमर या किल्ल्या ताज्या करतो, कपाटात तो काय करणार? उपाय: आधी एकट्या आर्चलिनक्स-कीरिंग पॅकेजसाठी 'मोठा एस, छोटा वाय', आणि लगेच बाकी सगळ्यांसाठी 'मोठा एस, छोटा यू'. पॅकमॅन.कॉन्फमध्ये सही तपासणं बंद करण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. तुमच्या मशीनवर रूटच्या अधिकाराने काय चढतंय हे ओळखण्याचं तेवढंच साधन आहे.

'मोठा एस, छोटा वाय' आणि पुढे पॅकेजचं नाव, ही कमांड आर्चवर एरवी कधीच द्यायची नसते. कीरिंग हा एकमेव अपवाद, आणि तोही पुढची कमांड लगेच द्यायची असेल तरच. यादी नवी आणि मशीन जुनं अशा अवस्थेत एखादं पॅकेज बसवलं, तर ते आपल्यासोबत नव्या लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या फाइली) ओढून आणतं. समजा आयसीयू या लायब्ररीची ७५ वी आवृत्ती जाऊन ७६ वी आली. ७५ शी जोडलेली उरलेली सगळी पॅकेजं त्या क्षणापासून सुरू व्हायची थांबतात, कारण त्यांना हवी ती फाइलच डिस्कवर नसते. यालाच अर्धवट अपडेट म्हणतात आणि आर्चमध्ये त्याला पाठिंबा नाही. 'आर्च आपोआप मोडतं' या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच सापडतं. नुसतं काय नवं आलंय ते पाहायचं असेल तर पॅकमॅन-कंट्रिबमधलं 'चेकअपडेट्स' वापरा. ते यादीची वेगळी प्रत काढतं, मूळ यादीला धक्का लावत नाही.

आता जागा. मुख्य पार्टिशनवर ५ जीबीच मोकळे होते. 'पॅककॅश'ला 'छोटा आर, छोटा के, १' देऊन प्रत्येक पॅकेजची एकच जुनी प्रत ठेवली, ७ जीबी सुटले. बूट पार्टिशनची गोष्ट जास्त नाजूक. तिथे नेहमीचं कर्नल आणि एलटीएस (दीर्घकाळ सांभाळलं जाणारं) कर्नल अशी दोन, प्रत्येकाची एक मुख्य आणि एक फॉलबॅक इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत सुरुवातीला चढणारी छोटी प्रतिमा). फॉलबॅकमध्ये सगळ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर कोंबलेले असतात, इथे ती एकेक १५० एमबीची होती. मोकळे फक्त ६४ एमबी. नवी प्रतिमा लिहिताना जागा संपली तर ती अर्धवट राहते, आणि हे कळतं ते रीबूटनंतर. म्हणून ती प्रतिमा बांधणाऱ्या एमकेइनिटसीपीआयओच्या दोन्ही प्रीसेट फाइलींत फक्त 'डिफॉल्ट' ठेवलं आणि फॉलबॅकच्या जुन्या फाइली पुसल्या. हाताशी एलटीएस कर्नल आणि पेन ड्राइव्ह दोन्ही आहेत, तेव्हा फॉलबॅकवाचून अडत नाही.

डाउनलोड आणि बसवणं मुद्दाम वेगळं केलं. 'मोठा एस, छोटा यू, छोटा डब्ल्यू' दिलं की पॅकेजं फक्त उतरतात. ३.९ जीबीला एक तास पन्नास मिनिटं लागली. मध्ये वीज गेली, राउटर बंद पडला, पण अर्धवट फाइली तिथूनच पुढे सुरू झाल्या. उतरवताना वीज गेली तर नुकसान काही नाही. बसवताना मशीनच बंद पडलं तर मात्र लायब्ररीच्या शून्य बाइटच्या फाइली उरू शकतात, आणि मग पेन ड्राइव्हवरून सुरू करून, आर्च-चरूटने डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरून ती पॅकेजं पुन्हा बसवावी लागतात. बॅटरी शंभर टक्के होईपर्यंत थांबणं केव्हाही परवडतं.

दुपारी दोनला प्लाझ्मातून लॉगआउट केलं, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टीटीवायवर (नुसत्या अक्षरांच्या टर्मिनलवर) टीमक्स सुरू केलं, आणि 'मोठा एस, छोटा यू'. चालू डेस्कटॉपखालचीच लायब्ररी बदलून तो मध्येच कोसळायला नको, म्हणून. आधी 'हे पॅकेज काढून त्या जागी ते बसवू का' असे सहा प्रश्न आले. रिपॉझिटरीच तसं सांगत असते, वाचून 'हो' म्हणायचं. मग अपेक्षेप्रमाणे थांबलं: फर्मवेअरखालच्या एनव्हिडिया डिरेक्टरीतली 'एडी१०३' आणि तिच्या सोबतच्या काही वाटा आधीच फाइल सिस्टममध्ये आहेत.

इथे घाबरायचं कारण नाही, आणि ते का हे समजून घेण्यासारखं आहे. पॅकमॅन फाइलींची टक्कर सगळं बसवण्याच्या आधी तपासतो. 'ट्रँझॅक्शन पूर्ण करता आलं नाही' असं दिसतं तेव्हा एकही पॅकेज बदललेलं नसतं, मशीन मिनिटभरापूर्वी होतं तसंच असतं. धोका आपण घाईत काय करतो त्यात आहे. 'ओव्हरराइट' आणि पुढे तारा, म्हणजे काहीही आडवं आलं तरी दामटून लिही, हा उपाय कुणी दिला तर वापरू नका. कुठल्या फाइलीचा मालक कोण हा हिशेब त्याने बिघडतो. बातमीतला उपाय सरळ आहे: 'मोठा आर, छोटा डी, छोटा डी' देऊन जुनं लिनक्स-फर्मवेअर अवलंबित्व न पाहता काढायचं, आणि लागोपाठ पूर्ण अपडेटच्या कमांडपुढे लिनक्स-फर्मवेअर हे नाव जोडून ते परत आणायचं. या दोन कमांडच्या मध्ये रीबूट करायचं नाही. वाय-फायचं फर्मवेअर चिपमध्ये आधीच चढलेलं असतं म्हणून जोडणी टिकते, पण रीबूट केलं तर फर्मवेअरही नाही आणि ते उतरवायला नेटही नाही.

यावेळी अडथळा आला नाही. बसवणं अठ्ठावीस मिनिटं चाललं. शेवटचे हुक (बसवून झाल्यावर आपोआप चालणारी कामं), विशेषतः इनिटरॅमएफएस बांधणारा, संथ असतात. पडदा हलत नाही म्हणून कंट्रोल-सी दाबू नका. संपल्यावर लगेच प्लाझ्मा-एक्स११-सेशन बसवलं. यादी आणि मशीन आता एकाच दिवसाचे होते, त्यामुळे एकच पॅकेज बसवणं सुरक्षित होतं. हे राहिलं असतं तर लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ चा पर्यायच दिसला नसता.

रीबूटच्या आधी पॅकडिफ, म्हणजे पॅकन्यू फाइली जुन्यांशी ताडून मिसळणं. नऊ पॅकन्यू फाइली निघाल्या, पाऊण तास लागला. मिररलिस्टची नवी फाइल सरळ उचलून ठेवायची नाही, तिच्यात सगळे सर्व्हर बंद असतात. पासवर्ड, शॅडो आणि ग्रुप या तिघांच्या पॅकन्यू मूळ फाइलवर कधीही चढवू नका. त्यांत आपलं खातंच नसतं. पॅकमॅन.कॉन्फमध्ये डाउनलोड-यूजरची ओळ घेतली. लोकेल.जेन (भाषांची यादी) मिसळताना मराठी वापरणाऱ्यांनी जपावं: तिथली ओळ 'एमआर_आयएन यूटीएफ-८' अशी आहे, इंग्रजीसारखं टिंब देऊन यूटीएफ-८ दोनदा लिहिलेलं नाही. नवी फाइल जशीच्या तशी घेतली तर ती ओळ पुन्हा बंद होते, आणि पुढच्या लोकेल-जेननंतर मराठी तारखा-महिने जातात.

मग ग्रब. पॅकेज अपडेट झालं तरी ईएफआय पार्टिशनवर बसवलेला ग्रब जुनाच राहतो, आर्चचं पॅकेज तो आपोआप बदलत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये नवी कॉन्फिग आणि जुना ग्रब एकत्र आल्यामुळे अनेकांची मशीन सुरूच होईनात. तेव्हापासूनचा धडा हा की ग्रब-इन्स्टॉल आणि ग्रब-एमकेकॉन्फिग दोन्ही, आणि याच क्रमाने. शेवटी 'फाइंडएमएनटी'ने बूट पार्टिशन खरंच जोडलेलं आहे ना, आणि तिथल्या कर्नलच्या फाइलवर आजची तारीख आहे ना, हे पाहिलं. पार्टिशन न जोडता अपडेट केलं तर नवं कर्नल मुख्य डिस्कवरच्या रिकाम्या बूट डिरेक्टरीत पडतं, मशीन जुन्या कर्नलवर उठतं, त्याला मॉड्यूल सापडत नाहीत, आणि कीबोर्डसुद्धा चालेलच असं नाही.

संध्याकाळी सहाला रीबूट. कर्नल ६.१० वर झोपलेलं मशीन कर्नल ६.१५ वर उठलं, एलटीएस ६.६ वरून ६.१२ वर गेलं. 'सिस्टमसीटीएल फेल्ड'ची यादी रिकामी. ती रिकामी यादी पाहून फार बरं वाटलं.

रविवार एयूआरचा. एयूआरची पॅकेजं बांधणारा 'याय' सुरूच होईना: लिबएएलपीएम.एसओ.१४ सापडत नाही. पॅकमॅन ७.० बरोबर ती लायब्ररी १५ झाली, याय मात्र १४ शी जोडून बांधलेला. ज्याने पॅकेज बांधायचं तोच बंद, तेव्हा एयूआरमधून गिटने त्याची बिल्ड फाइल घेऊन मेकपीकेजी 'छोटा एस, छोटा आय' देऊन हाताने बांधला. पायथन ३.१२ वरून ३.१३ वर गेल्यामुळे जुन्या डिरेक्टरीत अडकलेली पॅकेजं शोधावी लागतात. पॅकमॅनला 'मोठा क्यू, छोटा ओ, छोटा क्यू' आणि पायथन ३.१२ च्या डिरेक्टरीची वाट दिली की मालकांची नावं येतात. सहा निघाली, पुन्हा बांधली. उरलेल्या सतरांपैकी पाच कधी वापरलीच नव्हती, ती काढली. प्रत्येकाची पीकेजीबिल्ड (बांधण्याची कृती असलेली फाइल) वाचली, विशेषतः फाइली कुठून उतरतात ती ओळ आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट. हे वाचन किती गरजेचं आहे ते लगेच दिसलं: १६ जुलैला एयूआरवर फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन ब्राउझरच्या नावांशी मिळतीजुळती तीन घातक पॅकेजं चढली. ती १८ जुलैपर्यंत काढली गेली, पण मधल्या दोन दिवसांत न वाचता बसवणाऱ्याच्या मशीनवर दूरून ताबा घेणारा प्रोग्रॅम येत होता.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी चेकअपडेट्स, बातम्या, पूर्ण अपडेट, पॅकडिफ, रीबूट. वीस ते तीस मिनिटं, ३०० ते ९०० एमबी. पॅककॅशचा टायमर चालू आहे, तो प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या तीन प्रती ठेवतो. ऑगस्टमध्ये आर्चचं संकेतस्थळ आणि एयूआर हल्ल्यामुळे अधूनमधून बंद होते. मिरर वेगळे असल्याने पॅकमॅनचं काम चालू राहिलं, बातम्या मात्र दिसत नसतील तेव्हा अपडेट पुढे ढकलणं चांगलं.

१६ ऑगस्टच्या अपडेटनंतर नव्या कर्नलवर टचपॅड हलेना. ग्रबच्या मेनूतून एलटीएस निवडून मशीन सुरू केलं. कॅशमधल्या मागच्या कर्नलची आणि त्याच आवृत्तीच्या हेडर्सची फाइल 'मोठा यू' देऊन एकाच कमांडमध्ये बसवली. हेडर्स मागे राहिले तर डीकेएमएसचे (कर्नल बदललं की नव्याने बांधायचे) ड्रायव्हर बांधले जात नाहीत. कॅशमध्ये जुनी प्रत नसती तर आर्च लिनक्स अर्काइव्हमध्ये मिळाली असती, तिथे तारखेप्रमाणे आख्खी रिपॉझिटरी जपलेली असते. पॅकमॅन.कॉन्फमधल्या इग्नोर-पीकेजीच्या (कुठली पॅकेजं अपडेट करायची नाहीत त्या) ओळीत दोन्ही नावं लिहिली आणि ती काढायची तारीख कॅलेंडरवर टाकली, कारण विसरलेली इग्नोर-पीकेजी म्हणजे पुन्हा अर्धवट अपडेटच. २३ ऑगस्टला ती ओळ काढली, पूर्ण अपडेट केलं, रीबूट केलं. टचपॅड चालू लागला होता.